बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को: दूरच्या दोन विमानतळांमधले अंतर कसे काढावे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांच्या दहावीच्या मुलांनी बेंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतले, त्यांच्या फरकांवर पायथागोरसचे प्रमेय लावले, एका अंशाला १११ किलोमीटर या हिशेबाने गुणले आणि उत्तर २२,३७५ किलोमीटर आले. छापून येणारे अंतर मात्र १४,००० किलोमीटरच्या आसपास आहे. मुलांचे चुकले कुठे, खरे उत्तर हाताने काढता येईल का, आणि विमान तेवढेच अंतर उडते का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी एका विमान कंपनीच्या उड्डाण नियोजन विभागात सव्वीस वर्षे काम केले असून निवृत्तीनंतर बेळगावात राहतो, त्यामुळे हे उत्तर रोजच्या सवयीतून देत आहे.

बाई, सर्वप्रथम मुलांना एक पडताळणी शिकवा, जिला सूत्र लागत नाही. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर तिचा परीघ सुमारे ४०,०३० किलोमीटर होतो. पृथ्वीच्या पाठीवरची कोणतीही दोन ठिकाणे घ्या, एका बाजूने अर्ध्या परिघाहून जास्त जावे लागत असेल, तर दुसऱ्या बाजूने नक्कीच कमी पडेल. म्हणजे दोन ठिकाणांमधले सर्वांत जवळचे अंतर सुमारे २०,०१५ किलोमीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. २२,३७५ हा आकडा दिसताच, तो कसा आला हे न पाहताही, तो अशक्य आहे असे सांगता येते. आमच्या विभागात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हीच सवय लावली जात असे: संगणकाने दिलेला आकडा संभवतो की नाही, हे आधी मनात तपासायचे आणि मगच त्याला हात लावायचा.

आता चुका पाहू. बेंगळुरूचा विमानतळ १३.२० अंश उत्तर आणि ७७.७१ अंश पूर्व येथे आहे, सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६२ अंश उत्तर आणि १२२.३८ अंश पश्चिम येथे. एक पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला असल्यामुळे मुलांनी रेखांशांची बेरीज केली, हे बरोबरच केले, आणि २००.०९ अंश मिळवले. परंतु पृथ्वीभोवती एकूण ३६० अंश असल्याने रेखांशातील फरक १८० च्या वर गेला की तो ३६० मधून वजा करावा लागतो. येथे तो १५९.९१ अंश होतो, आणि त्याचा अर्थ असा की जवळचा रस्ता पूर्वेकडून, पॅसिफिकच्या बाजूने आहे. ही दुरुस्ती करून पायथागोरस पुन्हा लावला, तर १७,९५६ किलोमीटर येतात. अशक्य उत्तर शक्य झाले, पण अजूनही ते सुमारे ४,००० किलोमीटरांनी जास्त आहे.

उरलेल्या चुकीचे मूळ १११ या आकड्यात आहे. अक्षांशाचा एक अंश कोठेही मोजला तरी जवळपास १११ किलोमीटरच भरतो. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर तेवढा असतो आणि ध्रुवाकडे जाताना आकसत जातो, कारण सगळी रेखावृत्ते ध्रुवावर एकत्र येतात. आपल्या बेळगावच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०७ किलोमीटर आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या अक्षांशावर ८८, आणि ७१ अंश उत्तरेला तो अवघा ३६ किलोमीटर उरतो. सर्व अंशांना एकाच मापाने मोजणे म्हणजे संत्र्याची साल टेबलावर सपाट पसरली आहे असे मानण्यासारखे आहे. साल फाटल्याशिवाय सपाट होत नाही, आणि मुलांच्या हिशेबात ती फाट कोठेच धरलेली नव्हती.

तरीही पायथागोरसला टाकाऊ म्हणू नका. जवळच्या ठिकाणांसाठी, रेखांशाचा फरक मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणला, की तो उत्तम चालतो. आपला बेळगावचा सांबरा विमानतळ १५.८६ उत्तर, ७४.६२ पूर्व, मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशांतील फरक ३.२३ अंश, रेखांशांतील फरक १.७५ अंश, त्याला १७.४७ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे ०.९५४ ने गुणल्यावर १.६७ अंश. दोघांचे वर्ग करून बेरजेचे वर्गमूळ घेतले की ३.६४ अंश मिळतात, म्हणजे सुमारे ४०४ किलोमीटर. पृथ्वीचा खरा, किंचित चपटा आकार धरून काटेकोर हिशेब केला, तर त्यातून जेमतेम एक किलोमीटर कमी होतो. शेताची मोजणी करणारा मोजणीदार पृथ्वी सपाट धरतो आणि त्याचे काही बिघडत नाही. बेळगाव ते मुंबई हे अंतरसुद्धा एवढ्या छोट्या सुधारणेने त्याच पद्धतीत बसते. बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को मात्र बसत नाही, कारण तेथे मधला अक्षांश कोणता धरायचा याचेच उत्तर नाही. वाट १३ अंशांवरून निघून ३७ अंशांकडे जाताना मध्ये ७१ अंशांपर्यंत चढते.

हे वाक्य वाचून मुले थांबतील, म्हणून त्यांच्या हातात पृथ्वीगोल आणि शिवणाचा पक्का दोरा द्या. दोऱ्याचे एक टोक बेंगळुरूवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर बोटाने दाबून धरा, मग दोरा ताणत न्या. आधी तो जपानच्या दक्षिणेकडून पॅसिफिकवर पडलेला असेल, तर ताणताच उत्तरेकडे घसरू लागेल आणि सैबेरिया-अलास्काच्या बाजूला जाऊन स्थिर होईल. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर त्या दोऱ्याची लांबी ३३ सेंटिमीटरच्या जवळ भरेल; अशा गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणून ३३ सेंटिमीटर म्हणजे सुमारे १४,००० किलोमीटर. ताणलेला दोरा ज्या वर्तुळाचा तुकडा असतो, त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशीच असते. त्यालाच बृहद्वृत्त म्हणतात. दोन विमानतळांमधले अंतर म्हणून जे छापले जाते, ते या बृहद्वृत्तावरचे अंतर असते.

आता गणित. दोरा कोठे वळतो याची काळजी हिशेबात करावी लागत नाही. पृथ्वीच्या केंद्रापासून दोन्ही विमानतळांपर्यंत दोन रेषा काढल्या तर त्यांच्यामध्ये केवढा कोन होतो, एवढेच काढायचे आणि त्या कोनाचे किलोमीटर करायचे. कोनाचे सूत्र शब्दांत असे आहे: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतील फरकाच्या कोसाइनचा गुणाकार, जी बेरीज येईल ती हव्या त्या कोनाची कोसाइन असते.

आपल्या उदाहरणात १३.२० अंशांची साइन ०.२२८३५ आणि कोसाइन ०.९७३५८ आहे, ३७.६२ अंशांची साइन ०.६१०४२ आणि कोसाइन ०.७९२०८ आहे. साइनचा गुणाकार ०.१३९३९. कोसाइनचा गुणाकार ०.७७११५. आता १५९.९१ अंशांची कोसाइन हवी. दहावीच्या मुलांनी ९० अंशांच्या पुढची कोसाइन पाहिलेली नसते, म्हणून त्यांना एवढेच सांगा की हा कोन १८० मधून वजा करायचा, उरलेल्या २०.०९ अंशांची कोसाइन घ्यायची आणि तिच्यामागे उणे चिन्ह लावायचे: उणे ०.९३९१५. तिने ०.७७११५ ला गुणल्यावर उणे ०.७२४२३ मिळतात. त्यात ०.१३९३९ मिळवले की उणे ०.५८४८४ उरतात. ज्या कोनाची कोसाइन उणे ०.५८४८४ आहे, तो कोन १२५.७९ अंशांचा. पूर्ण ३६० अंशांना ४०,०३० किलोमीटर, तर एका अंशाला १११.१९५ किलोमीटर, म्हणून १२५.७९ अंशांना १३,९८७ किलोमीटर.

विमानाच्या जगात हेच उत्तर सागरी मैलात देतात आणि तेथे ते अधिक सहज येते, कारण सागरी मैलाची कल्पनाच कोनाच्या एका मिनिटावरून, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागावरून निघाली. १२५.७९ ला ६० ने गुणा, ७,५४७ सागरी मैल झाले. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. एअर इंडियाने जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू ही विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा या दोन शहरांमधले थेट अंतर १३,९९३ किलोमीटर असे जाहीर झाले होते. चार ओळींचा हिशेब आणि कॅल्क्युलेटर घेऊन तुमची मुले त्याच्या सहा किलोमीटर जवळ पोहोचतात, हे त्यांना आवर्जून दाखवा.

कोसाइनचे हे सूत्र लांबच्या अंतरांना चांगले आहे, पण जवळच्या अंतरांना दगा देते. बेळगाव-मुंबईचा कोन ३.६४ अंशांचा, त्याची कोसाइन ०.९९८ च्या आसपास. लहान कोनांची कोसाइन १ ला इतकी चिकटलेली असते की चारच दशांश स्थळे ठेवली, तर नुसत्या पूर्णांकनाने उत्तर पाच किलोमीटरपर्यंत हलू शकते. म्हणून नौकानयन करणाऱ्यांनी हॅव्हरसाइन नावाचे दुसरे सूत्र वापरात आणले आणि आजही बहुतेक संगणक कार्यक्रमांत तेच असते. अक्षांशांतील फरकाच्या निम्म्याच्या साइनचा वर्ग घ्यायचा. त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतील फरकाच्या निम्म्याच्या साइनच्या वर्गाचा गुणाकार मिळवायचा. बेरजेचे वर्गमूळ ज्या कोनाची साइन असेल, त्याची दुप्पट हे उत्तर. आपले आकडे घातले, तर ०.०४४७३ अधिक ०.७४७६९, म्हणजे ०.७९२४२, वर्गमूळ ०.८९०१८, कोन ६२.८९५ अंश, दुप्पट १२५.७९. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की हिशेबावर विश्वास बसतो, म्हणून प्रदर्शनात दोन्ही मांडावीत असे मला वाटते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. साइन हा शब्द आपल्याकडच्या ‘ज्या’ या शब्दाचा दूरचा वारस आहे: ज्या किंवा जीवा हा शब्द अरबीत गेला, तेथे त्याचे वाचन बदलले, आणि लॅटिनमध्ये त्या बदललेल्या शब्दाचे भाषांतर होऊन ‘सायनस’ झाले. हॅव्हरसाइन म्हणजे आपल्या ज्योतिषग्रंथांतील उत्क्रमज्येचा, म्हणजे १ मधून कोसाइन वजा केल्यावर उरते तिचा, अर्धा भाग. तक्त्यावर साइनशेजारी ज्या आणि कोसाइनशेजारी कोटिज्या लिहिले, तर मराठी माध्यमाच्या मुलांना ते परके वाटणार नाही.

चिन्हे आणि मिनिटे या दोन ठिकाणी मी सर्वांत जास्त चुका होताना पाहिल्या. उत्तर आणि पूर्व धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण, हे एकदा ठरवले की मध्येच बदलायचे नाही. मिनिटांचे दुखणे अधिक फसवे आहे. सांबऱ्याचा अक्षांश १५ अंश ५१ मिनिटांहून थोडा अधिक आहे. ५१ ला ६० ने भागून ०.८५ मिळतात आणि वरची सेकंदे धरून तो १५.८६ होतो. कोणी घाईत १५.५१ लिहिले, तर सांबरा सुमारे ३९ किलोमीटर दक्षिणेला सरकून तुमच्याच खानापूर तालुक्याच्या दक्षिण भागात जाते. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एका मार्गबिंदूची नोंद अशीच झाली होती. माझ्या वरिष्ठांनी मार्गपत्रक हातात घेऊन लगतच्या दोन टप्प्यांची बेरीज जुन्या पत्रकाशी ताडली, पेन्सिलीने त्या बिंदूभोवती गोल काढला आणि काही न बोलता कागद माझ्यापुढे ठेवला. त्यानंतर मी प्रत्येक नवी नोंद अंश-मिनिटांत आणि दशांशात, अशी दोन्ही प्रकारे लिहून पाहिल्याशिवाय पुढे पाठवली नाही.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, मग गोल धरून काढलेले उत्तर चालेल का, असे एखादा विद्यार्थी विचारेलच. विषुववृत्ताकडे तिची त्रिज्या ६,३७८.१ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६,३५६.८ किलोमीटर आहे. हा चपटेपणा न धरल्याने होणारी चूक साधारणतः अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते. काटेकोर कामासाठी १९७५ मध्ये भूमापनतज्ज्ञ विन्सेंटी यांनी दिलेली पद्धत वापरतात, तिचे गणित संगणकालाच सोपवावे. विमान ११ किलोमीटर उंचीवरून जाते म्हणून अंतर वाढते का, हाही नेहमीचा प्रश्न आहे. वाढते, पण १४,००० किलोमीटरमागे केवळ २४ किलोमीटर.

आता बाईंचा तिसरा प्रश्न, ज्यावर माझी सारी नोकरी गेली. बृहद्वृत्तावरचे अंतर, विमान जमिनीच्या हिशेबाने प्रत्यक्ष कापते ते अंतर, आणि विमान हवेतून कापते ते अंतर, हे तीन वेगवेगळे आकडे आहेत आणि इंधन तिसऱ्यावर ठरते.

पहिल्यापासून दुसऱ्याकडे कसे जातो ते पाहा. आपली बृहद्वृत्ताची रेषा बेंगळुरूहून उत्तरेच्या सुमारे २० अंश पूर्वेला निघते. ती नेपाळमध्ये अन्नपूर्णा पर्वतरांगेवरून जाते, तिबेट ओलांडते, चीन आणि सैबेरिया चढत कोलिमा नदीच्या मुखाच्या उत्तरेला जवळपास ७१ अंशांवर पोहोचते आणि तेथून अलास्कावरून खाली उतरते. गणिताला ही रेषा निर्दोष आहे, पण केबिनमधला दाब गेला तर विमानाला साधारण १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे ३,००० मीटरपर्यंत उतरता यावे लागते, आणि तिबेटचे पठार सरासरी ४,५०० मीटर उंच आहे. त्यामुळे कंपन्या बहुधा त्याला वळसा घालतात. शिवाय धावपट्टीवरून उठल्यानंतरचा ठरलेला मार्ग, उतरण्यापूर्वीची वळणे, देशादेशांच्या ठरावीक हवाई वाटा, यांनी अंतर वाढत जाते. हवाई हद्द बंद झाली तर वाढ फार मोठी होते. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हद्द बंद होती, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणारी विमाने दक्षिणेकडे येऊन अरबी समुद्रावरून पश्चिमेला जात होती. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांवर पुन्हा तीच वेळ आली.

मात्र रेषेपासून दूर जाणे वाटते तितके महाग नसते, आणि हे मुलांना एका तोंडी हिशेबाने दाखवता येईल. बेंगळुरूहून सरळ उत्तर ध्रुवावर जा: ९० वजा १३.२०, म्हणजे ७६.८० अंश. ध्रुवावरून सॅन फ्रान्सिस्कोला उतरा: ९० वजा ३७.६२, म्हणजे ५२.३८ अंश. बेरीज १२९.१८ अंश, सुमारे १४,३६४ किलोमीटर. थेट रेषेपेक्षा हे फक्त ३७७ किलोमीटर जास्त आहे. जानेवारी २०२१ चे ते पहिले उड्डाण, ज्याच्या कॉकपिटमध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी अशा सर्व महिला वैमानिक होत्या, उत्तर ध्रुवावरूनच आले. याउलट नकाशावर पट्टीने रेषा आखली आणि होकायंत्राची एकच दिशा धरून पॅसिफिकवरून गेलो, तर १६,१०० किलोमीटरांहून अधिक पडतात. भिंतीवरच्या मर्केटर, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या सरळ आडव्या-उभ्या रेषांच्या नकाशावर हाच रस्ता सरळ दिसतो आणि ध्रुवाकडची कमान उगाच घेतलेला वळसा वाटते, म्हणून प्रदर्शनात नकाशा आणि पृथ्वीगोल शेजारी-शेजारी ठेवावेत.

तिसरा आकडा वाऱ्याचा. विमानाचा हवेतला वेग ताशी ४८० सागरी मैल धरा. पाठीमागून सरासरी ४० मैलांचा वारा असेल, तर जमिनीवरचा वेग ५२० होतो आणि ७,५४७ मैल साडेचौदा तासांत संपतात. तोच वारा समोरून असेल, तर वेग ४४० वर येतो आणि सतरा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. पहिल्या वेळी विमानाने हवेतून ६,९६७ मैल कापले, दुसऱ्या वेळी ८,२३३. जमिनीवरचे अंतर तेच, विमान तेच, पण अडीच तासांहून अधिक इंधनाचा फरक. म्हणूनच ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा अंतर सुमारे १,४०० किलोमीटरांनी वाढले आणि वेळ मात्र दोनेक तासांनी कमी झाला. आमच्या टेबलावर रोज याच प्रश्नाची उकल होत असे: आजचा वारा पाहता हवेतली सर्वांत छोटी वाट कोणती. ती काल होती तीच आज असेल, असे सहसा घडत नसे.

मुलांच्या तक्त्यावर एक आकडा त्यांचा स्वतःचा असावा. सांबरा ते सॅन फ्रान्सिस्को असे थेट विमान नाही, पण अंतर काढता येते. १५.८६ उत्तर आणि ७४.६२ पूर्व घेऊन त्यांना वरचा हिशेब करायला लावा. रेखांशांतील फरक १९७ अंश येईल, तो ३६० मधून वजा करून १६३ करायचा. शेवटी कोन १२४.१८ अंशांचा आणि अंतर सुमारे १३,८०८ किलोमीटर यायला हवे. बेळगावहून आधी बेंगळुरूला गेल्यास ४४५ किलोमीटर आणि तेथून १३,९८७, म्हणजे एकूण १४,४३२. मुलांचे उत्तर १३,८०८ पासून शे-दोनशे किलोमीटरांनी दूर असेल तर मिनिटे आणि दशांश तपासावेत, हजारांनी दूर असेल तर १६३ च्या कोसाइनमागचे उणे चिन्ह राहिले आहे का ते पाहावे.